लांकडी निकल व पाण्यांतील म्हैस

अमेरिकेंतील खेड्यापाड्यांत जुन्या पिढीची एक रीत असे. घरांतील तरुण मुलगा शहरास निघाला म्हणजे वडील माणसें त्यास निरोप देतांना इतर उपदेश बाजूस ठेवून एवढेंच सांगत कीं, "बाबा, लांकडी निकल घेऊं नकोस." निकल म्हणजे त्या देशांतील पांच सेंटांचें नाणें, अशीं वीस नाणीं मिळून एक डॉलर होतो. तांबें व निकल या दोन धातूंच्या मिश्रणाचें हें नाणें १८६६ सालापासून चालत आलेलें आहे. लांकडाचें नाणें तेथील सरकारनें कधींच पाडलें नाहीं. तेव्हां त्या निरोपाचा अर्थ इतकाच कीं, शहरांत गोड बोलणारे पुष्कळ भेटतील. जें हातांत पडेल तें नीट पाहून घे. पुढें १९३१ च्या डिसेंबरांत वॉशिंग्टन राज्यांतील टेनिनो गांवची बँक बुडाली व गांवांत रोकड मिळेनाशी झाली, तेव्हां लांकडाच्या पातळ पापुद्र्यांवर छापलेलें चलन तेथें खरोखरच कांहीं काळ चाललें. परंतु म्हण त्याहून जुनी आहे.

फसवणुकीपासून सावध करणाऱ्या अशा म्हणी अमेरिकन लोकांत विपुल आहेत. तो देश नवा, वस्ती विरळ, खरेदीविक्रीचा शेजार दूरचा आणि दारीं येणारा फेरीवाला बहुधा अनोळखी. यामुळें शेतकऱ्याचें शहाणपण तेथें अशा लहान लहान वाक्यांत सांठत गेलें. त्यांतील कांहीं म्हणी आम्ही आज सभासदांपुढें ठेवीत आहों. हेतु केवळ करमणुकीचा नाहीं. या म्हणींत शहाणपण आहे खरें, पण तें अर्धें आहे, असें आमचें मत झालें आहे. आणि उरलेलें अर्धें अमेरिकन शेतकऱ्यानें कोठें शोधलें, हें आपण समजून घेणें आपल्या हिताचें आहे.

डोळे उघडे असूनही माणूस कसा फसतो, याचें उदाहरण त्याच निकल नाण्यानें दिलें आहे. १८८३ सालीं अमेरिकन टांकसाळेनें हें नाणें नव्या छापाचें काढलें. त्याच्या मागील बाजूस पांच या आंकड्याबद्दल 'व्ही' हें रोमन अक्षर होतें, परंतु 'सेंट' हा शब्द नव्हता. त्या वेळीं पांच डॉलरांचें सोन्याचें नाणेंही व्यवहारांत असे आणि दोहोंचा आकार जवळजवळ सारखा. लबाडांनीं निकलास सोन्याचा मुलामा दिला व तें नाणें पांच डॉलरांचें म्हणून दुकानांतून खपविण्यास आरंभ केला. नाणें सरकारी, त्यावरील पांचाचा आंकडा खरा. खोटा होता तो फक्त वरचा रंग! अखेर टांकसाळेनें त्याच वर्षीं 'सेंट' हा शब्द घालून नाणें सुधारलें. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. घेणाऱ्यास सावध करण्याचें काम म्हणीनें केलें. पण ती लबाडी बंद पडली ती नाण्यावर एक शब्द वाढविल्यानें.

दुसरी गोष्ट जायफळाची. कनेक्टिकट राज्यास अद्यापि लोक 'जायफळाचें राज्य' म्हणतात. याचें कारण असें सांगतात कीं, तेथील फेरीवाले पत्र्याचीं भांडीं, घड्याळें व मसाल्याचे पदार्थ घेऊन दूरदूरच्या वस्त्यांवर जात, आणि खऱ्या जायफळांत लांकडाचीं कोरलेलीं जायफळें मिसळून विकीत. यावरून 'लांकडी जायफळ' हा शब्द हातचलाखीच्या मालास रूढ झाला. दुसरा पक्ष असेंही म्हणतो कीं, फेरीवाल्यांचा यांत दोष नव्हता. जायफळ किसून घ्यावयाचें असतें हेंच गिऱ्हाइकास ठाऊक नव्हतें, म्हणून तें न फुटणारें कठीण फळ पाहून त्यांनीं तें लांकडाचें ठरविलें. खरें कोणतेंही असो, बोध एकच. ज्यास माल कसा वापरावयाचा हें ठाऊक नाहीं, तो खऱ्या मालास खोटें म्हणतो व खोट्यास खरें.

"पोत्यांतलें डुकर विकत घेऊं नये" ही म्हण वसाहतकऱ्यांनीं इंग्लंडांतून बरोबर आणली. बाजारांत डुकराचें पिल्लूं तोंड बांधलेल्या पोत्यांत घालून विकावयास आणीत. घाईच्या गिऱ्हाइकानें पोतें न सोडतां पैसे मोजले, तर घरीं गेल्यावर त्यांतून डुकराऐवजीं मांजर निघे, असें लोक सांगतात. हें वाचतांच आमच्या वाचकांस आपली "पाण्यांत म्हैस आणि बाहेर मोल" ही म्हण आठवली असेल. म्हैस पाण्यांत बसलेली. शिंगें तेवढीं वर दिसत आहेत. कांस कशी, पाय कसे, कांहींच कळत नाहीं. आणि कांठावर मात्र किंमत ठरत आहे! पोतें काय, डोह काय, माल झांकलेला असतांना सौदा करूं नये, हें दोन्ही देशांच्या शेतकऱ्यांनीं स्वतंत्रपणें ओळखलें होतें.

परंतु पोतें सोडून पाहिलें म्हणजे काम झालें, असेंही नाहीं. घोड्याचें वय दांतांवरून ठरवितात. पुढच्या दांतांच्या माथ्यावर खळगे असतात, ते वयाबरोबर झिजत जातात, आणि जाणता मनुष्य ओठ वर करून वर्षें मोजतो. यावरूनच 'देणगी आलेल्या घोड्याचे दांत पाहूं नयेत' ही म्हण निघाली. तीही मुळची युरोपांतली. आपल्याकडे तेंच धर्माच्या गाईच्या दांतांविषयीं म्हणतात. अर्थ उघड आहे: देणगीच्या जनावराचे दांत पाहूं नयेत, पण विकतच्याचे अवश्य पाहावेत. मात्र घोड्यांचे लबाड दलाल म्हाताऱ्या घोड्याचे दांत कानशीनें घांसून त्यांवर खोटे काळे खळगे डागून ठेवीत. म्हणजे पाहणाऱ्याचें ज्ञान जितकें वाढलें, तितकी विकणाऱ्याची कलाही वाढली. डॅनियल ड्र्यू हा पुढें न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत प्रसिद्धीस आलेला गृहस्थ तरुणपणीं गुरें हांकीत शहरांत आणून विकण्याचा धंदा करी. तो वाटेंत जनावरांस मीठ चारी, आणि बाजाराच्या तोंडाशीं पोटभर पाणी पाजून त्यांचें वजन वाढवी, असें त्याच्याविषयीं सांगत आले आहेत. ज्या कंपनीच्या भागांची दर्शनी किंमत तिच्या मालमत्तेहून फुगविलेली असते, त्या भागांस अमेरिकेंत 'पाणी पाजलेलें जनावर' अशा अर्थाचा शब्द आहे. त्या शब्दास ही गोष्ट शोभते.

मिसुरी राज्यांतील लोकांविषयींची म्हण याच्या पुढें एक पाऊल जाते. "मी मिसुरीचा आहें, मला प्रत्यक्ष दाखवा", असें म्हटलें कीं समोरच्यानें ओळखावें, येथें नुसत्या शब्दांवर काम भागणार नाहीं. व्हँडिव्हर नांवाच्या तेथील एका लोकप्रतिनिधीनें १८९९ सालीं फिलाडेल्फिया येथील भाषणांत हा उद्गार काढल्यावर तो देशभर पसरला. त्यापूर्वींही तो लोकांच्या तोंडीं होताच. शेतकऱ्याच्या अंगीं हा मिसुरी बाणा असावा, असें आम्हांस वाटतें. दाखवा म्हणण्यांत उद्धटपणा नाहीं. ज्याचा माल चोख आहे तो दाखविण्यास कां कचरेल?

आतां ज्या प्रकरणासाठीं आम्ही हा लेख लिहावयास बसलों, त्याकडे वळूं. १८८० नंतरच्या दशकांत ओहायो, मिशिगन व आसपासच्या राज्यांत 'बोहेमियन ओट' या नांवानें एका बियाण्याचा मोठा गाजावाजा झाला. ओट म्हणजे जई. हा वाण बिनटरफलाचा, व त्याचें पीक अलौकिक येतें असें सांगण्यांत येई. साध्या ओटाच्या बुशेलास, म्हणजे ३२ पौंडांस, बाजारांत अर्धा डॉलरही पडत नसे. या बियाण्याचा भाव मात्र बुशेलास १० डॉलर! इतका भाव कोणता शेतकरी देईल, असें वाचक विचारतील. युक्ति तेथेंच होती. विकणारा दलाल बियाण्याबरोबर एक छापील हमीपत्र देई, व त्यांत लिहिलेलें असे कीं, पुढील हंगामांत तुमच्या पिकांतून, तुम्हीं घेतलें त्याच्या दुप्पट बियाणें आमची कंपनी याच १० डॉलरच्या भावानें विकून देईल व दलाली कापून पैसे तुमच्या हातीं ठेवील. रोख पैसे नसले तरी हरकत नव्हती. शेतकऱ्यानें फक्त एका वचनचिठ्ठीवर सही करावयाची. पीक विकल्यावर रक्कम सहज फिटणार होती!

आम्ही या व्यवहाराचा हिशेब मांडून पाहिला. एका शेतकऱ्यानें १० बुशेल घेतले, तर पुढील वर्षीं त्याचे २० बुशेल खपले पाहिजेत. म्हणजे तितकेच घेणारे दोन नवे शेतकरी हवेत. त्या दोघांचे खपण्यास त्याच्या पुढील वर्षीं चार हवेत, नंतर आठ, नंतर सोळा. याप्रमाणें दहाव्या वर्षीं १,०२४ आणि विसाव्या वर्षीं १०,४८,५७६ नवे शेतकरी लागतील; आणि हें सर्व एकट्या पहिल्या शेतकऱ्याचें वचन पुरें करण्यापायीं. इतक्या चढ्या भावानें हें धान्य दळून खाणारा तर कोणीच नव्हता. प्रत्येक जण तें पुढच्याच्या गळ्यांत बांधण्यासाठींच घेत होता. असा व्यवहार कोठें तरी तुटणारच, आणि तुटेल तेथें शेवटचा घेणारा बुडणार, हें पाटीपेन्सिलीनें अर्ध्या घटकेंत कळण्यासारखें होतें. पण शेजाऱ्यास पहिल्या वर्षीं खरोखरच पैसे मिळालेले डोळ्यांनीं दिसत होते; मग पाटीकडे कोण पाहणार?

खरा घात त्या वचनचिठ्ठीनें केला. दलाल ती घेऊन स्वस्थ बसत नसे. तो ती लगेच बँकेंत किंवा सावकाराकडे विकून टाकी आणि पुढच्या गांवास जाई. वर्षानें कंपनीचा पत्ता नसे, हमीपत्राची किंमत रद्दीची. परंतु चिठ्ठी मात्र जिवंत. चिठ्ठी जो धनी होऊन दारांत उभा राही तो म्हणे, "मीं मोल देऊन हा कागद घेतला, तुमचा व दलालाचा काय करार होता हें मला ठाऊक नाहीं." आणि कायदा बहुधा त्याच्याच बाजूस असे. कांहीं न्यायालयांनीं असले करार लोकहिताच्या विरुद्ध म्हणून बेकायदा ठरविले. पण चिठ्ठी निर्दोष तिऱ्हाइताच्या हातीं गेल्यावर शेतकऱ्याची तक्रार दुबळी पडे. बियाणें घेतांना पोतें सोडून पाहिलें, दाणा हातावर घेऊन चावून पाहिला, सगळें केलें. मात्र कागद वाचला नाहीं. आणि वाचला असता तरी तो पुढें कोणाच्या हातीं जाईल हें त्या कागदावर लिहिलेलें नव्हतें.

जमिनीच्या व्यवहारांतही हाच प्रकार. अशक्य गोष्ट सांगणाऱ्यास अमेरिकेंत थट्टेनें म्हणतात, "तुम्ही हें खरें मानीत असाल, तर माझ्यापाशीं फ्लॉरिडांत थोडी पाणथळ जमीन विकाऊ आहे." १९०८ सालीं रिचर्ड बोल्स नांवाच्या गृहस्थानें फ्लॉरिडा राज्य सरकारकडून एव्हरग्लेड्स या विस्तीर्ण दलदलींतील ५ लाख एकर जमीन एकरीं २ डॉलर दरानें घेण्याचा करार केला, आणि तिचे लहान लहान तुकडे देशभरच्या लोकांस मासिक हप्त्यांनीं विकण्यास काढले. पाणी कालव्यांनीं निघून जाणार व खालीं काळीभोर सुपीक माती लागणार, असें आश्वासन होतें. घेणारे पुष्कळसे शेंकडों कोस दूर राहणारे. त्यांनीं जमीन डोळ्यांनीं पाहिलीच नव्हती. १९११ च्या सुमारास जे पाहावयास गेले, त्यांस पुष्कळ ठिकाणीं पाणीच आढळलें. "मीं जमीन एकरानें घेतली आहे, फुटानें घेतली आहे, पण गॅलनानें घेण्याची ही पहिलीच वेळ", असें वाक्य अशाच एका खरेदीदाराच्या तोंडीं घालतात. आपल्या म्हणींत म्हैस पाण्यांत होती. येथें शेतच पाण्यांत निघालें!

येथवर सांगितलेल्या म्हणी शेतकऱ्याच्या मित्र आहेत. परंतु अमेरिकेंत दुसऱ्याही कांहीं म्हणी चालतात, व त्या आम्हांस मुळींच पसंत नाहींत. "दर मिनिटास एक भोळा जन्मास येतो" ही त्यांतील एक. ती बार्नम या सुप्रसिद्ध खेळवाल्याची म्हणून सांगतात, पण त्यानें ती उच्चारल्याचा पुरावा नाहीं. दुसरी, "प्रामाणिक माणसास कोणी फसवूं शकत नाहीं." वरवर ऐकतां ही नीतीची वाटते, वास्तविक ती ठकांच्या तोंडची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खेड्यांतील लोकांस गुप्त पत्रें येत, कीं अस्सल वाटतील अशा खोट्या नोटा स्वस्तांत मिळतील. जो भुलून शहरांत जाई त्याच्या हातीं शेवटीं कोऱ्या कागदांची पुडी पडे. आणि तो फिर्याद देऊं शकत नसे, कां कीं तो स्वतःच गुन्हा करावयास गेलेला असे. अशा गिऱ्हाइकापुरती ती म्हण खरी मानतां येईल. पण जो बाप मुलांच्या नांवें चार एकर व्हावेत म्हणून फ्लॉरिडाचे हप्ते भरीत होता, त्याचा अप्रामाणिकपणा तो कोणता? ज्यानें आजारी बायकोसाठीं सर्पतेलाची बाटली घेतली, त्यानें कोणता गुन्हा केला?

या दोन म्हणींचा परिणाम असा होतो कीं, लाज फसविणाऱ्यास वाटावयाची ती फसलेल्यास वाटूं लागते. तो घरांत सांगत नाहीं, शेजाऱ्यास सांगत नाहीं, सभेंत तर नाहींच नाहीं. ठकास याहून मोठें संरक्षण कोणतें? तो एका गांवांतून दुसऱ्या गांवांत निर्धास्त जातो. त्याच्यापुढें त्याची कीर्ति जात नाहीं, कां कीं ज्यास ती ठाऊक आहे तो तोंड मिटून बसला आहे. सावधगिरीच्या चांगल्या म्हणींतही हा दोष थोडा आहेच. "आम्हीं सांगितलें होतें ना, पोतें सोडून पाहा म्हणून?" असें म्हणणारे फसवणुकीनंतर पुष्कळ निघतात.

तेव्हां अमेरिकन शेतकऱ्यानें काय केलें? तो म्हणींवर थांबला नाहीं. १८६७ सालीं ऑलिव्हर केली व त्याच्या सहकाऱ्यांनीं वॉशिंग्टन येथें शेतकऱ्यांचा एक संघ स्थापिला. 'ग्रेंज' या नांवानें तो प्रसिद्ध आहे व आजही चालू आहे. त्यांत स्त्रियांसही बरोबरीचें सभासदत्व होतें. गांवोगांवच्या शाखांत सभासद एकत्र जमत, भाव ताडून पाहात, अवजारें व सामान एकत्र मागवीत. १८७२ सालीं शिकागोस टपालानें माल पुरविणारी माँटगोमेरी वॉर्ड ही पेढी निघाली, ती प्रथम या संघाच्या सभासदांच्याच गिऱ्हाइकीवर वाढली. आणि माल पसंत नसल्यास पैसे परत, ही हमी तिनें १८७५ सालीं जाहीर केली. दारावरच्या फेरीवाल्यापुढें एकटा उभा असलेला शेतकरी अशी अट घालूं शकला नसता. शेंकडों सभासदांची एकत्र मागणी पुढें आली, तेव्हां अट घालण्यापूर्वींच ती मान्य झाली.

संघ म्हटला कीं सर्व सोनें, असेंही आम्ही म्हणत नाहीं. आयोव्हा राज्यांतील ग्रेंजनें कापणीचीं यंत्रें स्वतः तयार करण्याचा उद्योग आरंभिला, त्यांत तिला मोठा तोटा आला. संस्थेच्या पोत्याचेंही तोंड सोडून पाहावें लागतें, आणि तिच्या हिशेबाचे दांतही मोजावे लागतात. आमची संस्था यास अपवाद नाहीं.

संघटनेच्या मागोमाग कायदा आला. मात्र सावकाश आला. क्लार्क स्टॅन्ली नांवाचा इसम खडखड्या नागाचें तेल म्हणून एक औषध विकीत असे. १९०६ सालीं खाद्यें व औषधें यांच्या शुद्धतेचा कायदा झाल्यावर सरकारी रसायनशास्त्रज्ञांनीं तें तपासलें, तेव्हां त्यांत मुख्यतः खनिज तेल, थोडी चरबी व तांबडी मिरची एवढेंच निघालें. १९१६ सालीं त्यास दंड झाला २० डॉलर! 'सर्पतेल' हा शब्द थोतांड औषधास तेव्हांपासून अधिकच चिकटला. १९३९ च्या बियाणें कायद्यानें एका राज्यांतून दुसऱ्यांत जाणाऱ्या बियाण्याच्या पोत्यावर शुद्धता, उगवण व तणाचें प्रमाण लिहिणें भाग पाडलें. १९६८ च्या कायद्यानें परराज्यांत विकल्या जाणाऱ्या भूखंडांची खरी माहिती घेणाऱ्यास आधीं देणें आवश्यक केलें. आणि १९७६ सालीं फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानें, निदान घरगुती ग्राहकांच्या उधारीच्या व्यवहारांपुरतें, असें ठरलें कीं कागद कोणाच्याही हातीं गेला तरी मूळ विकणाऱ्याविरुद्धची तक्रार त्या कागदाबरोबर जाईल. बोहेमियन ओटाच्या काळापासून मोजलें तर याला नव्वदांच्या घरांत वर्षें लागलीं. १८८३ सालीं नाण्यावर एक शब्द वाढविला गेला, तशींच हीं कामें आहेत. घेणाऱ्याच्या डोळ्यांवरचें सगळें ओझें काढून थोडेंसें विकणाऱ्याच्या खांद्यावर ठेवावयाचें, हाच त्यांचा मथितार्थ.

महसूल खात्यांत नोकरी केल्यामुळें कागदाच्या या बाजूकडे आमचें लक्ष अधिक जातें. आपल्या दक्षिणेंतही १८७५ च्या दंग्यांनंतर सरकारला हेंच कळून चुकलें होतें, आणि १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें शेतकऱ्याचें खत गांव-निबंधकापुढें लिहिलें जावें व न्यायालयानें खताच्या आंकड्यामागील मूळ देण्याघेण्याचा तपास करावा, असें ठरविलें. त्या कायद्यानें कर्ज नाहींसें झालें नाहीं, हें खरें. पण सही करणारा एकटा नसावा, हें तत्त्व त्यांत होतें, आणि तें तत्त्व आजही तितकेंच उपयोगी आहे.

आज फेरीवाला दारांत येत नाहीं. तो खिशांतील दूरध्वनींतून बोलतो. अनुदान मंजूर झालें आहे, कर्ज माफ झालें आहे, दुप्पट पैसे देणारी योजना आहे, फक्त आलेला सांकेतिक अंक सांगा, असें म्हणतो. तो अंक सांगणें म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उठविणें होय. मग पुढें त्यावर काय लिहावयाचें तें तो ठरवितो. साखळीनें सभासद जोडून पैसे दुप्पट करून देणाऱ्या योजनांत बोहेमियन ओटाचाच हिशेब आहे. दाणा तेवढा बदलला आहे. बियाण्याच्या पिशवीवर आपल्याकडेही १९६६ च्या कायद्यामुळें उगवणीचा आंकडा छापावा लागतो. पण आंकडा छापला म्हणजे दाणा उगवतोच असें नाहीं.

म्हणून आमची संस्थेच्या सभासदांस तीन गोष्टींची विनंती आहे. पहिली: ज्या दिवशीं सौदा पुढें येईल त्या दिवशीं सही करूं नये. कागद घरीं आणावा, दोघांस वाचून दाखवावा, आणि रात्र गेल्यावर काय तें ठरवावें. "आजच नाहीं तर संधि गेली", असें जो म्हणतो त्याची संधि जाऊं द्यावी. दुसरी: पेरणीपूर्वीं प्रत्येक पोत्यांतील शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून सावलींत ठेवावे व किती उगवले तें मोजावें. हा मिसुरी बाणा एका गोणपाटाच्या तुकड्यांत साधतो. पिशवी, तिच्यावरील चिठ्ठी व पावती हीं पीक घरांत येईपर्यंत जपावींत. तक्रार करावयाची झाल्यास त्यांवांचून ती उभी राहात नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. जो फसला त्यानें तें मासिक सभेंत उभें राहून सांगावें. आणि ऐकणाऱ्यांनीं हंसूं नये. आपली एक म्हण आहे, "पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा." अमेरिकनांच्या साऱ्या निकल-जायफळांहून आम्हांस ती अधिक मोलाची वाटते, कां कीं तींत दोन माणसें आहेत. बाकीच्या म्हणी एकट्यास सावध करतात. ही एकाच्या दुःखांतून दुसऱ्यास वांचविते. मात्र तिला एक अट आहे. पुढच्यानें ठेंच लागल्याचें लपविलें, बोटाचें रक्त पुसून तो तसाच हंसत पुढें गेला, तर मागच्यानें शहाणें व्हावयाचें तें कशावरून? संस्थेच्या सभेंत त्या ठेंचेची नोंद होत गेली, तर आमच्या मतें ती संस्थेच्या गोदामांतील कोणत्याही मालाइतकीच मौल्यवान ठेव होईल.